ब्लूबेरीची राखण

सोलापुरात ब्लूबेरी येत नाही, असं सुकन्याला ज्यांनी ज्यांनी बजावून सांगितलं, त्यांपैकी एकानंही आयुष्यात ब्लूबेरी पाहिलेली नव्हती. पण सल्ला देण्याआधी वस्तू पाहिलेली असावी, असा काही नियम नाही; निदान जुळे सोलापुरात तरी नाही.

"म्हंजे करवंदच की ते," शेजारचे बिभीषणकाका कुंपणावरून म्हणाले. काका एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही वस्तू त्यांना घटकाभरात खोलून दाखवता येई. परत जोडता येई असं नाही. "इंग्रजी शाळेत घातलेलं करवंद. चार अक्षरं शिकलं, भाव वाढला."

"करवंद नाही हो काका. मेंदूसाठी चांगलं असतं ते."

"कुणाच्या?"

काकांनी विचारलं ते सरळ मनानं, पण सुकन्याला ते लागलं. त्या दिवसांत तिला सगळंच लागत होतं.

मेंदू अर्थातच पिंकीचा. पिंकी चार वर्षांची, दिसायला गोड, धावायला वारा, आणि जेवायला म्हणाल तर साक्षात उपोषण. घास तोंडात जायचा, पण पुढे जायचा नाही. गालात राहायचा. दुपारचा वरणभात पाचच्या सुमाराला गालातून निघाल्याचं सुकन्यानं स्वतः पाहिलं होतं. डॉक्टरांनी पिंकीला तपासलं, हसवलं, आणि म्हणाले, "मूल उत्तम आहे. तुम्हीच जरा जेवत जा." सुकन्यानं डॉक्टर बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, फक्त जास्त फी घेऊन.

आणि मग पुण्यात नणंदेच्या बाळाच्या बारशाला तो प्रसंग घडला. केकवर शोभेला चार निळी फळं ठेवलेली होती. पिंकीनं त्यातलं एक उचललं, तोंडात टाकलं, चावलं, गिळलं, आणि म्हणाली, "अजून."

अजून! ज्यांची मुलं जेवतात त्यांना या शब्दाचं मोल कळायचं नाही. सुकन्यानं हा शब्द पिंकीच्या तोंडून खाण्याच्या बाबतीत कधी ऐकलेलाच नव्हता. झोक्याच्या बाबतीत ऐकला होता, कार्टूनच्या बाबतीत तर कंटाळा येईपर्यंत ऐकला होता. पण पानावर? कधीच नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी साक्षीदार आहे का. नवरा अमरेश आइस्क्रीमच्या रांगेत होता. केकवरची उरलेली तीन फळं तोवर कुणीतरी खाऊन टाकली होती.

सोलापुरात परतल्यावर तिनं झाड मागवलं. विकतची ब्लूबेरी मिळत नव्हती असं नाही, पण ती डबी कुठून आली, किती दिवस बर्फात होती, तिच्यावर काय मारलेलं होतं, या विचारानं सुकन्याला झोप लागेना. सुकन्या एम.कॉम. होती, दुपारी क्लासला अकाउंट्स शिकवायची. कुठलीही नोंद पुराव्याशिवाय ती मान्य करत नसे.

झाड खोक्यातून आलं. खोकं भलं मोठं, आत भुसा, भुशात पिशवी, पिशवीत माती, आणि मातीत एक काडी. काडीला पानं होती, नाही असं नाही. मोजायला वेळ लागला नसता.

त्याच संध्याकाळी पिंकीच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या 'सुदृढ डबा' या व्हॉट्सॲप गटावर रेश्मानं आपल्या मुलाचा फोटो टाकला. काचेच्या वाटीत ब्लूबेरी, शेजारी मुलाचं लट्ठ हसू. खाली टाळ्या, फुलं, बदाम. सुकन्यानं फोन ठेवला. परत उचलला. आणि ज्याला आपण क्षणिक दुबळेपणा म्हणतो त्या भरात लिहून बसली: 'आम्ही विकतची देत नाही गं. घरचंच झाड आहे.'

खोटं नव्हतं. झाड घरातच होतं. खोक्यात.

'अय्या! फळं लागली की सांग, बघायला येतो,' रेश्मानं लिहिलं. त्याखाली सगळ्यांनी अंगठे वर केले.

इथून पुढे जे झालं त्याला बागकाम म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे.

ब्लूबेरीला माती आंबट लागते. मातीच्या आंबटपणाचा आकडा असतो, त्याला सामू म्हणतात. आकडा जितका खाली, तितकी माती आंबट. एवढं सुकन्यानं व्हिडिओत पाहिलं आणि कुंडीतली माती पिशवीत भरून माती तपासणीच्या सरकारी खिडकीवर गेली.

"गट नंबर?" खिडकीतल्या माणसानं मान न उचलता विचारलं.

"गट नाही. कुंडी आहे."

"कुंडी कुठल्या तालुक्यात येतं?"

सुकन्यानं हातानं कुंडी करून दाखवली. त्यानं आता मान उचलली, आणि उचलल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी परत खाली घातली. "सातबारा लागतो. बरं राहू द्या. क्षेत्र किती?"

"एवढं." पुन्हा हात.

"हेक्टरमध्ये सांगा."

"शून्य घाला."

"शून्य क्षेत्रावर पीक घेता येत नाही, मॅडम. कंप्युटर घेत नाही. एक घालतो. मागच्या हंगामात काय होतं?"

"मनी प्लँट."

"बागायत का जिरायत?"

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, असं तिनं खरं ते सांगितलं. "म्हणजे जिरायत," तो म्हणाला आणि मोठ्या समाधानानं त्यानं कळ दाबली. एकंदर संभाषणात त्याला कळलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

निकाल आला. माती चुनखडीची, सामू आठाच्या वर, आणि खाली शिफारस: रब्बी ज्वारी.

"मग ज्वारीच लाव की," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सासूबाई, दाक्षायणीबाई. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं बोलण्यात अर्धं कानडी आणि निर्णयात पूर्ण मैंदर्गी. "सरकार सांगतंय तर ऐकावं. हुरडा तरी खाऊ."

"आत्या, कुंडीत कुणी ज्वारी लावतं का?"

"कुंडीत कोन माती तपासतंय?"

सुकन्यानं ती माती टाकून दिली, नारळाच्या काथ्याचा भुसा आणला, त्यात आंबटपणासाठी गंधक मिसळलं, आणि खताच्या शोधात मार्केट यार्डाजवळच्या मंजुनाथ सावकारांच्या कृषी दुकानात जाऊन उभी राहिली. ब्लूबेरीला अमोनियम सल्फेट लागतं, थोडंसं, महिन्याला चमचाभर. दुकानात बाकावर मंद्रूपकडचे शेतकरी बसले होते.

"किती एकर?" मंजुनाथनी विचारलं.

"एक झाड."

"एक ओळ?"

"एक झाड."

बाकावर शांतता पसरली. डाळिंबावर रोग पडल्याची बातमी आल्यावर जशी पसरते तशी. मग त्यांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "असू द्या की. आमच्या चुलत्यानंबी एकच आंबा लावलता."

"आला का?" सुकन्यानं आशेनं विचारलं.

"न्हाय."

खत सुटं मिळत नव्हतं. पोतं घ्यायचं, तेही आधार कार्ड दाखवून, यंत्रावर अंगठा लावून. सुकन्यानं अंगठा लावला. यंत्र लाल झालं. पुसून लावला, तरी लाल. दुसरा लावला. "भांडी घासून घासून रेषा गेल्या बघा, बाई," मंजुनाथ हळहळले, आणि बाकावरच्या पाचजणांनी आळीपाळीनं तिचा अंगठा बघितला. शेवटी तो साडीच्या पदरावर खसाखसा घासून लावल्यावर यंत्र हिरवं झालं आणि एम.कॉम. फर्स्ट क्लास सुकन्या सरकारदरबारी शेतकरी झाली. रिक्षावाल्यानं पोतं पायाशी टाकलं आणि आरशातून विचारलं, "काकू, गाव कुठलं?"

गावाचं काही नाही. काकू हे तिला संध्याकाळपर्यंत पुरलं.

"हे काय आहे?" अमरेश ऑफिसातून येऊन दारातच थबकला.

"खत."

"आणि लागणार किती?"

"महिन्याला चमचाभर."

अमरेशनं पोत्याकडं पाहिलं, काडीकडं पाहिलं. तो विमा कंपनीत होता, दीर्घ मुदतीचे हिशेब त्याला चटकन यायचे. "म्हणजे पिंकीची नातवंडं पण टाकतील," एवढंच तो म्हणाला आणि पोतं दिवाणाशेजारी सरकवलं. पुढं पाहुणे त्यावर बसू लागले.

आता राहिलं पाणी. सोलापूरचं पाणी म्हणजे पातळ चुनाच; बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल खातो. ते झाडाला घातलं की गंधकाचा गुण धुऊन निघणार. बाटलीबंद पाणी काडीला पाजायला मन धजेना. तेव्हा व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं की एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मऊ असतं. एसी बिभीषणकाकांकडे होता. काकांनी आनंदानं नळी बादलीत सोडून दिली, आणि प्रश्न मिटला असं वाटेपर्यंत थंडी आली.

"काय करालीस गं पोरी, बादली भरली का न्हाय?" जानेवारीतल्या एका सकाळी काकांनी कुंपणावरून आवाज दिला. अंगावर स्वेटर, त्यावर सोलापुरी चादर, डोक्याला मफलर. "तुझ्या झाडापायी एसी लावून बसलाव. आमच्या मुक्ताबाईचे दात वाजालेत."

"अहो काका, बंद करा की!"

"आता कसं? फुलं धरायच्या टायमाला पाणी तोडायचं नसतंय."

सुकन्यानं मुक्ताकाकूंना आपली रजई नेऊन दिली.

आणि एवढं सगळं करून सामू वर चालला होता! दर आठवड्याला ती रंगपट्टी भिजवून बघायची. गंधक घातलं, खत घातलं, एसीचं पाणी घातलं. आकडा खाली यायचा सोडून जिना चढत होता. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. जमाखर्च जुळेना की माणसाला संशय येतो, तसा सुकन्याला आला. कुणीतरी काहीतरी जमा करत होतं.

एका सकाळी ती लवकर गॅलरीत आली. आत्यांची पूजा नुकतीच आटोपली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ओल्या केसांची गाठ. त्या कुंडीसमोर वाकल्या होत्या. कुंडीवर तीन बोटांनी तीन पट्टे ओढलेले होते, अगदी ठसठशीत. मग त्यांनी वाटीतलं विभूतीचं पाणी बुंध्याशी ओतलं, आणि वर चिमूटभर कोरडी सोडली.

विभूती म्हणजे राख. राख म्हणजे चुन्याची सख्खी बहीण. रोज सकाळी, नेमानं, भक्तिभावानं, सुकन्याच्या महिन्याभराच्या गंधकावर राख फिरत होती.

"आत्या, हे..."

"दृष्ट लागतीया झाडाला," आत्या समजुतीनं म्हणाल्या. "सगळे बघून जात्यात. आनि तू रोज पट्टी लावून बघतीस, त्यानं तर लईच लागतीया. म्हनून इबत्ती. भाजीवरचा मावाबी जातोय राखंनं."

आता हे कसं सांगायचं? सासूला सांगता येतं की मीठ जास्त पडलं. तेही सहा महिन्यांतून एकदा. पण देवाच्या विभूतीचा सामू जास्त आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं अमरेशला पुढं करायचा प्रयत्न केला.

"मी?" अमरेश चहाचा कप घेऊन मागं सरकला. "इबत्तीनं झाड मरतं, असं मी आईला सांगू? मग मैंदर्गीला मी कुठल्या तोंडानं जाऊ? मामा मला ओसरीवर चढू देणार नाही."

"म्हणजे झाड मेलं तरी चालेल."

"झाड आणखी एक मागवता येतं," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं शहाणपणानं गिळलं.

शेवटी सुकन्यानंच दुपारी शेंगा सोलता सोलता विषय काढला. "आत्या, त्या झाडाला ना, इबत्ती सोसत नाही."

आत्यांचा हात थांबला. "सोसत न्हाय म्हंजे? इबत्ती कुनाला सोसत न्हाय?"

"ते अमेरिकेतलं आहे."

आत्यांनी विचार केला. एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "अय्यो शिवा," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही, कीव आल्यासारखं. "मग त्याला कुटनं सवय असनार? बरं, दुरनं ओवाळते."

तेव्हापासून आत्या झाडाला दुरून ओवाळू लागल्या. सामू खाली आला. पण आत्यांच्या चेहऱ्यावर एक दुखावलेली शांतता आली, आणि ती काढायला म्हणून सुकन्यानं स्वतःच जाहीर केलं, "आत्या, मी दुपारी क्लासला जाते तेव्हा झाडावर लक्ष तुमचंच." हे वाक्य पुढं तिला आठवत राहणार होतं.

फेब्रुवारीत फुलं आली. पांढरी, उलट्या घंटांसारखी. मार्चमध्ये फुलांच्या जागी हिरवे मणी धरले. सुकन्यानं मोजले: अकरा. त्या दिवशी ती क्लासला जाताना गुणगुणत होती. ऊन चाळिशीला टेकलं तसं घरातला एकुलता कूलर गॅलरीच्या दाराशी गेला आणि अमरेश वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागला. झाडावर दुपारी सावलीला सोलापुरी चादर बांधली. मोर छापलेली, लग्नात आलेली. जाणारे येणारे मान वर करून बघायचे, आत कुणी आजारी आहे का.

आणि मणी नाहीसे होऊ लागले.

अकराचे नऊ झाले. नऊचे सात. देठ जागच्या जागी, मणी नाही. सुकन्यानं आधी वाऱ्याला धरलं, मग बुलबुलाला. "चोर मेला!" ती कठड्यावरच्या बुलबुलाकडं बघून ओरडली. "एवढं रक्त आटवून वाढवायचं आणि या चोरानं हिरवंच तोडायचं! सापडू दे, सोडणार नाही चोराला!" आत्या पोत्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान आणखी खाली घातली. शेजारी पिंकी सालं मोजत होती.

सुकन्यानं मच्छरदाणी आणून झाडाला गाठी मारून बांधली. सातचे पाच झाले. गाठी जशाच्या तशा! बुलबुलाला गाठ सोडता येत असेल, पण परत मारता येते? ती खारीवर आली. खारीवरून बिभीषणकाकांवर.

"काका, तुम्ही कधी गॅलरीत..."

"पोरी," काका गंभीरपणे म्हणाले, "मी एसटीत आयुष्य काढलं. न पिकलेल्या गोष्टीला मी हात लावत न्हाय."

मग तिनं जुना मोबाइल खिडकीत उभा करून व्हिडिओ चालू ठेवला आणि क्लासला गेली. संध्याकाळी दार लावून पाहिला. सुरुवातीला गॅलरी, चादर, चादरीवरचा मोर. मग आत्यांचा आवाज आला, "हे काय सारखं बघतंय हिकडं?" आणि पडदा पांढरा झाला. सोलापुरी टॉवेल. पुढं नुसता टॉवेल. पण आवाज ऐकू येत होते. वाटीचा टण्ण आवाज. आत्या, "लई तिखट झालं काय गं?" मग पिंकीचं सूंऽसूं.

सुकन्यानं तिथंच फोन बंद केला आणि दाराबाहेर येऊन विचारलं, "आत्या, तुम्ही पिंकीला कैरी देता का? खोकला होईल तिला!"

"कैरी न्हाय देत," आत्या म्हणाल्या. खरं तेच म्हणाल्या.

उरलेल्या पाचांतला एक तेवढा लाल पडू लागला होता. बाकीचे चार दोन दिवसांत गेले. आता सुकन्यानं पणच केला. क्लासला सुट्टी टाकली, त्या एका फळावर चहाची गाळणी उलटी घातली, दांडी फांदीला दोऱ्यानं बांधली, आणि खुर्ची टाकून समोर बसली. घरात चहा गाळायला रुमाल वापरू लागले. फळ लाल झालं, जांभळं झालं, निळं झालं. हवामान खात्यानं वादळावर ठेवावं तसं तिनं त्यावर लक्ष ठेवलं. आणि हरखून जाऊन, पुढचा-मागचा विचार न करता, तिनं 'सुदृढ डबा'वर फोटो टाकला. अगदी जवळून काढलेला; बाकीचं झाड दिसू नये म्हणून.

'रविवारी येतोच!' रेश्मानं लिहिलं.

रविवारी त्या आल्या. रेश्मा आणि आणखी तिघीजणी. आत्यांनी शेंगापोळ्या केल्या होत्या. बिभीषणकाका आणि मुक्ताकाकू एसीच्या नात्यानं हजर होते. सगळे गॅलरीत कसेबसे मावले. जागा नव्हती म्हणून अमरेश गॅलरीच्या दारात ओढलेल्या खताच्या पोत्यावर उभा राहिला. रेश्मानं झाडाकडं पाहिलं, मग झाडामागं पाहिलं. "बाकीची बाग कुठंय?"

"एवढीच," सुकन्या म्हणाली. "निवडक."

तिनं दोरा सोडला, गाळणी उचलली. फळ होतं. वाटाण्याएवढं, पण निळं, आणि अंगावर पांढुरकी पूड धरलेलं, जशी पिकल्यावर धरते.

"बघ बघ!" आत्या पुढं सरसावल्या. इतक्या महिन्यांची शांतता एका क्षणात उडाली. "इबत्ती लावूनच आलंय! मी दुरनं ओवाळलं तरी पोचलं की न्हाय?"

यावर वाद घालायची ही वेळ नव्हती. "पिंकी," सुकन्यानं हाक मारली. "ये राणी. तुझी ब्लूबेरी."

पिंकी आली. नवा फ्रॉक, दोन शेंड्या. तिनं आईच्या तळहातावरचं फळ निरखून पाहिलं. रेश्मानं फोन उचलून धरला. वर्षभराचं गंधक, अंगठा, पोतं, कूलर, काकू ही पदवी, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

"ही नको," पिंकी म्हणाली.

"का गं?"

"ही खराब झाली."

"खराब नाही, राणी, पिकली."

"मला हिरवी पाहिजे," पिंकी समजावून सांगू लागली, आईला काहीच कसं माहीत नाही अशा सुरात. "आज्जी देते तशी. मीठ-तिखट लावून."

सगळ्यांच्या माना आत्यांकडं वळल्या. आत्यांनी पदर सारखा केला. तो सारखाच होता, त्यांनी आणखी सारखा केला.

"मला काय ठावं ते निळं व्हायचं असतंय?" त्या म्हणाल्या. "एक पडलं होतं खाली. पोरीनं तोंडात घातलं, डोळे मिटले, आनि हात पुढं केला. कदी मागतीया का ती? सांग. मागितल्यावर न्हाय म्हनू?"

"पण आत्या, मी अख्खं घर डोक्यावर घेतलं तेव्हा..."

"तू चोर म्हनालीस. चोर म्हटल्यावर पोरीचं नाव कसं सांगू?"

"आणि मच्छरदाणी?"

"सोडायची, परत बांधायची. तू बांधलीस तशीच." आत्यांचा आवाज खाली आला. "एक मनी चार-चार तुकडे करून देत होते. एक तुकडा, मग भाताचे दोन घास. मग अजून म्हनती, मग अजून दोन घास. ताटली चाटून पुसून. आनि हे लाल पडाय लागलं, तसं तिनंच सोडून दिलं."

म्हणजे गाळणीनं राखलेलं एकमेव फळ हे असं होतं, जे चोरालाही नको होतं.

सुकन्याच्या कानात बाकीचं काही शिरलंच नाही. "अजून म्हणते?" तिनं विचारलं. "जेवताना? रोज?"

"रोज. तू क्लासला गेल्यावर."

ज्या शब्दासाठी तिनं पृथ्वी आंबट केली, तो रोज दुपारी तिच्याच गॅलरीत उच्चारला जात होता. आणि तो बंद पडावा म्हणून तिनं जाळी बांधली होती, कॅमेरा लावला होता, सुट्टी टाकली होती. टॉवेलमागून तो तिला ऐकूसुद्धा आला असता, पण सूंऽसूं ऐकल्याबरोबर ती फोन बंद करून खोकल्याची काळजी करायला धावली होती.

"हे फळ मग..." रेश्मानं हळूच विचारलं. फोन अजून तिच्या हातात वरच होता.

सुकन्याचा तळहात तसाच पुढं. त्यावर ते निळं फळ. बिभीषणकाकांनी इतका वेळ फार संयम पाळला होता. "पिकलंय की आता," ते म्हणाले, "वाया कशाला?" आणि दोन बोटांनी उचलून त्यांनी ते तोंडात टाकलं. सगळी गॅलरी त्यांच्या जबड्याकडं बघत राहिली. काकांनी सावकाश चावलं, गिळलं, जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"करवंदच की," ते म्हणाले.

मुक्ताकाकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. चौघी आयांनी एकदम शेंगापोळ्यांची स्तुती सुरू केली. अमरेश पोत्यावरून उतरला आणि काहीतरी सांत्वनपर बोलणार तेवढ्यात त्याला सुकन्याचा चेहरा दिसला. तो परत पोत्यावर चढला.

पिंकी मात्र कुंडीपाशी उकिडवी बसली होती. चादरीची कड उचलून, मान वाकडी करून, अगदी खालच्या फांदीत बघत होती. तिथं पानाआड, कुणाच्याच मोजणीत न आलेला, एक हिरवा मणी होता. एवढुसा. तिनं बोटानं तो दाखवला आणि वळून आईकडं पाहिलं. आजीकडं नाही, आईकडं.

"आई," ती म्हणाली, "अजून?"

सुकन्या उभी राहिली. तो अजून आठ दिवसांत लाल पडणार, पंधरा दिवसांत निळा होणार, सगळे गुण त्या निळ्यातच असतात, हिरव्यात काहीही नसतं. लहान मुलांना वरून मीठ देऊ नये आणि तिखट तर मुळीच देऊ नये, हे तिनं स्वतः 'सुदृढ डबा'वर तीनदा लिहिलेलं होतं, आणि ते वाचलेल्या चारही जणी समोरच होत्या. ती आत गेली. फडताळातून मिठाची बरणी काढली. तिखटाचा डबा काढला. भाताचं पातेलं पुढं ओढलं.

"तिखट जरा कमीच घाल गं," गॅलरीतून आत्यांचा आवाज आला. "मागल्या खेपेला लई सूंऽसूं केलती."